मदत हवी आहे: ‘द नेम ऑफ द रोझ’मधला झगडा नेमका कशाचा?
१९८६ च्या या चित्रपटावर अभ्यासमंडळात बोलायचे आहे आणि एका मुद्द्यापाशी मी अडलो आहे. १३२७ मधल्या इटलीतील मठात मृतांच्या बोटांवरचे आणि जिभेवरचे काळे डाग पाहून चित्रपटाचा नायक विल्यम तर्काने खुनांचा माग काढतो. पण तो स्वतः फ्रान्सिस्कन, म्हणजे संत फ्रान्सिसच्या ख्रिस्ती पंथातला, साधू आहे आणि त्याची श्रद्धा डळमळलेली मला तरी दिसली नाही. उलट, हसण्याने भीती मरते आणि भीतीवाचून श्रद्धा टिकत नाही, या धास्तीपोटी अ‍ॅरिस्टॉटलच्या विनोदावरील ग्रंथाच्या पानांना विष लावणारा मठातला अंध, वृद्ध साधू होर्हे मला श्रद्धाळूपेक्षा भयग्रस्त वाटतो. मग हा झगडा श्रद्धा आणि तर्क यांचा म्हणावा, की भीती आणि जिज्ञासा यांचा? रॉजर बेकनसारख्या फ्रान्सिस्कन विचारवंतांनी श्रद्धा आणि तर्क यांची सांगड कशी घातली, यावर मराठीत वाचण्याजोगे काही असल्यास कृपया सुचवावे.