शब्दचर्चा : 'न्याय्य व सर्वसमावेशक प्रवेश' म्हणजे नक्की काय मागायचं?

मंगळवार पेठ

कोल्हापुरातल्या काही विद्यार्थ्यांनी प्रवेशाच्या मागण्यांचं निवेदन लिहिलंय आणि मसुदा माझ्याकडे नजर टाकायला दिलाय. पहिलीच मागणी अशी : "प्रवेशप्रक्रिया अधिक न्याय्य व सर्वसमावेशक करण्यात यावी." शुद्धलेखन ठीक, व्याकरण ठीक. पण हा कागद ज्याच्या टेबलावर जाईल त्याने उद्या सकाळी उठून काय बदलायचं, हे त्यातून कळत नाही. "मागणीचा सहानुभूतीने विचार केला जाईल" एवढं उत्तर देऊन तो मोकळा होईल, आणि त्याला दोषही देता येणार नाही.

म्हणून इथे विचारतो. न्याय्य, रास्त, समान, समन्यायी हे शब्द आपण एकमेकांच्या जागी वापरतो. ते खरंच एका अर्थाचे आहेत का? आणि 'सर्वसमावेशक'ला बोलण्यातला काही शब्द आहे का?

जुना मुद्रितशोधक

एका अर्थाचे नाहीत. 'न्याय्य' म्हणजे न्यायाला धरून असलेलं. (दोन य आहेत. निम्म्या पत्रकांत 'न्याय प्रवेश' छापून येतं.) 'रास्त' फारसीतून आला, मूळ अर्थ सरळ, खरा. मराठीत तो किमतीला आणि मागणीला चिकटला : रास्त भाव, रास्त मागणी. 'रास्त फी' म्हणता येईल, 'रास्त प्रवेश' कानाला खटकतं.

'समान' म्हणजे सगळ्यांना सारखं. राज्यघटनेतली 'समान संधी' इथलीच. 'समन्यायी' मात्र निराळा. आपल्या भागात हा शब्द शिक्षणातून आला नाही, पाण्यातून आला. समन्यायी पाणीवाटपाच्या चळवळी सांगली-साताऱ्याच्या दुष्काळी पट्ट्यात उभ्या राहिल्या. येरळा नदीवरच्या बळीराजा धरणाचं उदाहरण घ्या. पाण्याचा वाटा जमिनीच्या एकरावर ठरवायचा नाही, भूमिहीन कुटुंबालाही तो मिळाला पाहिजे, असा तिथला आग्रह होता. म्हणजे 'समन्यायी' म्हणताना आधीची विषमता हिशेबात धरलेली असते. 'समान' म्हणताना ती धरलेली असतेच असं नाही.

सायबर चौक

सर, निवेदन आमचंच आहे. 'समन्यायी' चांगला शब्द आहे, पण पहिल्या वर्षाच्या पोरांना विचारलं तर निम्मी म्हणतात "न्यायालयाचं काहीतरी असणार." आमच्याकडे पोस्टरसाठी हिंदीतून घोषणा आल्यात, त्यात 'सबको दाखिला' आहे. त्याचं मराठी 'सर्वांना दाखला' केलं तर चालेल का?

फॉर्मवाला

भावा, असलं काही करू नको. 'सर्वांना दाखला' असा बोर्ड लागला तर माझ्या केंद्राबाहेर रांग लागेल!

मी महा ई-सेवा केंद्र चालवतो, म्हणून बोलतो. हिंदीत दाखिला म्हणजे प्रवेश. आपल्यात दाखला म्हणजे कागद. मूळ दोन्हींचं एकच, दाखल होणे. पण मराठीत आत शिरायचा शब्द कागदाला जाऊन बसला, आणि जून-जुलैत माझ्यासमोर बसलेल्या माणसाला विचारा, तेच खरं आहे. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, जातीचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला. ह्यातला एक जरी अडकला तरी मार्क कितीही असू देत, गाडी पुढं जात नाही.

आता लोक काय बोलतात ते बघा. "व्हॅलिडिटी निघाली काय?" हे जात वैधता प्रमाणपत्र. "नॉन क्रिमीलेअर संपलंय." सरकारी कागदावर त्याचं नाव उन्नत आणि प्रगत गटात मोडत नसल्याचं प्रमाणपत्र. एवढं नाव आजवर कुणीही तोंडानं उच्चारून मागितलेलं नाही. आणि तिसरा शब्द 'मानीव दिनांक'. एका मावशींना तो 'माननीय दिनांक' वाटला होता, त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. मानीव म्हणजे मानलेला, धरून चाललेला. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. त्या तारखेच्या आधी घराणं कुठं राहत होतं आणि कागदावर जात काय लागली होती, त्याचा पुरावा दाखवायचा. शेतकऱ्याच्या घरात जुना उतारा सापडतो, आजोबाची शाळेतली नोंद सापडते. जे घराणं १९६१ सालात पालं ठोकत गावोगाव फिरत होतं, त्याची नोंद कुठल्या गावच्या दप्तरात सापडायची? ज्यांच्यासाठी सवलत काढली, त्यांच्याकडंच तो कागद नसायची शक्यता जास्त.

तेव्हा तुमच्या 'सर्वसमावेशक'चा अर्थ माझ्या टेबलावर एवढाच होतो : कागद नसणाऱ्याला किती मुदत, आणि तो कागद शोधून द्यायची जबाबदारी कुणाची.

मंगळवार पेठ

हे निवेदनात असं एका ओळीत यायला हवं होतं.

फॉर्मवाल्यांमुळे क्रियापदांकडे लक्ष गेलं. आपण "प्रवेश दिला" फार कमी म्हणतो. "नंबर लागला" म्हणतो, "ॲडमिशन झालं" म्हणतो, "मेरिट ८५ला थांबलं" म्हणतो. नंबर लागतो, यादी लागते, मेरिट थांबतं. पाऊस लागावा तसं, करणारा कुणीच नाही. फक्त एका प्रसंगी कर्ता ठामपणे हजर असतो : "त्यानं मॅनेजमेंटमधून ॲडमिशन घेतलं." पैसे मोजणारा घेतो, बाकीच्यांचं लागतं किंवा लागत नाही. मागणीपत्र लिहिताना तरी कर्ता घातलाच पाहिजे. 'मुदत वाढावी' असं लिहू नका, कोणी वाढवावी ते लिहा.

उचगाव

ॲडमिशन 'झालं' की 'झाली'? आमच्या पुण्याच्या पाहुण्यांत 'झाली' म्हणतात.

जुना मुद्रितशोधक

दोन्ही चालतं. तो धागा वेगळा काढा.

गडहिंग्लज

मला 'सर्वसमावेशक'चंच वावडं आहे. 'समावेश करणे', 'सामावून घेणे' ह्यात घर दुसऱ्याचं असतं आणि आपण पाहुणे. तो सरकून जागा देणार, आपण आभार मानून टेकायचं. कोल्हापूरच्या माणसानं अशी भाषा का करावी? २६ जुलै १९०२ला शाहू महाराजांचा जाहीरनामा निघाला. त्यात 'सामावून घ्या' असली विनवणी नव्हती. शेकडा पन्नास जागा मागासलेल्या वर्गांतून भरायच्या, असा हुकूम होता. आकडा होता. 'राखीव जागा' हाच आपला जुना शब्द. राखणे, राखण, राखीव कुरण. राखायचं म्हणजे दुसऱ्याला तोंड घालू द्यायचं नाही. 'आरक्षण' आलं आणि ती धार गेली. रेल्वेच्या तिकिटाचंही आरक्षण होतं.

जुना मुद्रितशोधक

राखीवबद्दल सहमत. पण जाहीरनाम्याचा दाखला देताना जपून (हा दाखला फॉर्मवाल्यांकडे मिळत नाही). १९०२चा हुकूम संस्थानातल्या नोकऱ्यांचा होता, शाळा-कॉलेजच्या प्रवेशाचा नव्हता. निवेदनात तसं गेलं तर पहिला आक्षेप त्यावरच येईल, आणि मग उरलेलं कुणी वाचणार नाही.

शिक्षणासाठी महाराजांनी काय केलं हे बघायचं तर दसरा चौकात उभं राहा. १९०१मध्ये मराठा आणि जैन वसतिगृहं, पुढं मुस्लिम, लिंगायत, १९०८मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. गावात आपण त्यांना आजही 'बोर्डिंग'च म्हणतो. १९१७मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत झालं, मूल शाळेत न घालणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड. म्हणजे शाळेचं दार नुसतं उघडून भागत नाही. खेड्यातून आलेलं पोर रात्री झोपणार कुठं आणि जेवणार काय, हा प्रश्न आधी सोडवला. तुमच्या मसुद्यात वसतिगृह हा शब्द एकदाही नाही. शिवाजी विद्यापीठाची 'कमवा आणि शिका' योजना इथं रुजली ती काही हवेतून नाही. शाहूवाडीच्या, चंदगडच्या मुलीचा नंबर लागला आणि खोलीचं भाडं परवडलं नाही म्हणून तो सुटला, तर यादीत तिचं नाव 'प्रवेश नाकारला' असं येत नाही, 'उमेदवार हजर नाही' असं येतं.

गडहिंग्लज

नोकऱ्यांचा होता, मान्य. हुकमाची भाषा मात्र सोडू नका.

निपाणीची

सीमाभागातून एक शब्द : अधिवास. आम्ही डोमिसाइल म्हणतो. घरात मराठी, शाळा मराठी, दवाखान्याला आणि कापडखरेदीला कोल्हापूर, पण अधिवास कर्नाटकाचा. महाराष्ट्र ज्या ८६५ गावांवर दावा सांगतो त्यांतल्या, मराठी मातृभाषा असलेल्या मुलांसाठी प्रवेशाच्या नियमांत वेगळी तरतूद आहे. पण त्या नियमात आमच्या गावांना 'वादग्रस्त' हे विशेषण लागतं. भांडण दोन सरकारांचं आणि फॉर्मवर वादग्रस्त आम्ही. दादा, निवेदनात नुसतं 'सीमाभागातील विद्यार्थी' लिहा.

राजारामपुरी

मी कमी दृष्टीचा विद्यार्थी आहे. 'सर्वसमावेशक' शब्दाशी माझं भांडण वेगळ्या कारणाने. 'सर्व' म्हटलं की आमचा नंबर 'इत्यादी'त लागतो. मसुद्यात बघा : "मागासवर्गीय, आर्थिकदृष्ट्या दुर्बल, ग्रामीण, इत्यादी." २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने उच्च शिक्षणात किमान पाच टक्के जागा ठेवायला सांगितल्या आहेत, १९९५च्या कायद्यात तीन होत्या. ते आरक्षण 'समांतर' आहे. समांतर म्हणजे प्रत्येक प्रवर्गातून आडवं जाणारं. बऱ्याच जणांना वाटतं समांतर म्हणजे बाजूला वेगळी रांग. तसं नाही, आम्ही सगळ्या रांगांत आहोत.

अपंग म्हणायचं की दिव्यांग, यावर दरवर्षी चर्चासत्रं होतात. मला दोन्ही चालतात. मला 'लेखनिक' हा शब्द माहीत असलेला परीक्षाकेंद्राचा माणूस हवा आहे. आम्ही बोलताना रायटरच म्हणतो. तासाला वीस मिनिटं जादा वेळ मिळायला हवा, हे त्याला परीक्षेच्या आदल्या दिवशी कळलेलं असावं. निवेदनात 'दिव्यांगांना योग्य त्या सुविधा' असं लिहू नका, 'लेखनिक' आणि 'तासाला वीस मिनिटं' असं लिहा.

आणि फॉर्मवर 'स्त्री, पुरुष, इतर' असतं त्यातल्या 'इतर'चंही बघा. सर्वोच्च न्यायालयाने २०१४मध्ये तृतीयपंथी ओळखीला मान्यता दिली, तरी फॉर्मवरचा 'इतर' काही हलत नाही. माझ्या वर्गातल्या एकीचं म्हणणं आहे की इतर म्हणजे ज्याचं नाव विचारायचा कंटाळा आला तो.

फॉर्मवाला

राजारामपुरी, बरोबर बोललात. अजून एक शब्द राहिला : ओपन. पोरं एकमेकाला विचारतात, "तू ओपनचा काय?" जणू ओपन ही एक जातच. खुला प्रवर्ग म्हणजे सगळ्यांना खुला. मार्कांवर बसला तर राखीव प्रवर्गातला मुलगाही त्या जागेवर बसतो. सरकारी शब्द 'अराखीव' त्या मानानं बरा, पण तो कुणाच्या तोंडात नाही. "आमच्या ओपनच्या जागा त्यांनी घेतल्या" असं पालक माझ्यासमोर बसून बोलतात, तेव्हा फॉर्म भरता भरता हे समजावून सांगायला लागतं. समजतं असं नाही.

सायबर चौक

सगळ्यांचे आभार. आज बसून पहिलं पान नव्याने लिहिलं. 'अधिक न्याय्य व सर्वसमावेशक' काढलं. आता असं आहे :

"जात वैधता प्रमाणपत्रासाठी अर्ज केलेल्या विद्यार्थ्याचा प्रवेश, जात पडताळणी समितीचा निर्णय येईपर्यंत विद्यापीठाने व महाविद्यालयाने रद्द करू नये. जुन्या नोंदी शोधण्यासाठी विद्यापीठाने मदत कक्ष चालवावा. प्रवेशयादीसोबतच वसतिगृहाची यादी लावावी. परीक्षाकेंद्राने लेखनिकाची व तासाला वीस मिनिटे जादा वेळेची लेखी खात्री आधी द्यावी. अर्जातील 'इतर' हा रकाना काढून तृतीयपंथी असा स्पष्ट उल्लेख करावा. सीमाभागातील विद्यार्थ्यांच्या कागदपत्रांची यादी मराठीत प्रसिद्ध करावी."

शीर्षकावर एकमत झालं नाही. मुली 'समन्यायी प्रवेश' म्हणतात, गडहिंग्लजकरांचं ऐकून दोघं 'आमचा वाटा' म्हणतात.

मंगळवार पेठ

'समन्यायी प्रवेश' ठेवा. 'वाटा' पोस्टरला उत्तम, पण वाटा म्हटलं की भाऊबंदकी आठवते, आणि ज्याच्याकडे निवेदन द्यायचंय तो लगेच विचारणार, "कुणाच्या ताटातला?" बाकी मजकूर आता कुणाला टाळता येणार नाही असा झालाय.

सायबर चौक

शेवटची शंका. फीच्या मागणीत 'शुल्कमाफी' लिहू की 'मोफत शिक्षण'? की फ्रीशिप?

जुना मुद्रितशोधक

तिन्ही वेगळे. ८ जुलै २०२४चा शासन निर्णय घ्या. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमात शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के सरकार भरणार. लोकांनी त्याला 'मुलींना मोफत शिक्षण' म्हटलं आणि मग मेसचं बिल, खोलीभाडं आणि कॉलेजच्या इतर फीची पावती हातात पडल्यावर चिडले. मोफत म्हणजे काहीच द्यायचं नाही. ते हे नाही. 'माफी' म्हणजे घेणाऱ्याने सोडून दिलं. तेही नाही, कारण कॉलेजला सरकारकडून पैसे येतात. नेमका शब्द 'प्रतिपूर्ती' : कुणीतरी नंतर भरून देणार. तो उच्चारायला जड आहे, पण खरी अडचण त्यातच सापडते. सरकारचे पैसे येईपर्यंत फी भरायची कुणी, विद्यार्थिनीने की कॉलेजने?

फॉर्मवाला

आणि तोंडी बोलताना फ्रीशिपच म्हणा. प्रतिपूर्ती म्हटलं तर पोरं माझ्याकडं येऊन कुठल्या बँकेत मिळती म्हणून विचारतील.

सायबर चौक

मग असं करतो : "प्रतिपूर्तीची रक्कम शासनाकडून येईपर्यंत महाविद्यालयाने विद्यार्थिनीकडून शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क घेऊ नये."

जुना मुद्रितशोधक

चालेल. 'विद्यार्थिनी'त थि ऱ्हस्व, नी दीर्घ. बघून टाका.