मदत हवी आहे: फुलदाणीवरची सही खरी की मागाहून कोरलेली?

नमस्कार मंडळी. आत्याच्या मडगावच्या घरात दुधी काचेची जुनी फुलदाणी आहे. तळाशी ‘आर. लालिक’ अशी सही. काचेच्या वस्तू घडवणारे प्रसिद्ध फ्रेंच कलाकार रेने लालिक १९४५ मध्ये वारले, त्यानंतरच्या वस्तूंवर फक्त ‘लालिक’ येऊ लागलं. म्हणून ‘आर’ असलेल्याला भाव जास्त आणि खोट्या सह्याही त्याच जास्त. भिंगातून पाहिलं तर अक्षरं तळाच्या ओरखड्यांना छेदून गेलीत, कडा पांढऱ्या, ताज्या दिसतात. मला तरी काच जुनी आणि सही नवी वाटते. सही सोडून साच्याच्या नक्षीवरून कारखाना ओळखता येतो का? पणजी-म्हापसा भागात अशी काच हाताळलेलं कोणी असेल तर कृपया सांगा. विकायची नाही. आत्यानं आयुष्यभर जपलीय, तिला खरं काय ते सांगायचंय.