उत्तर: ऑप्ट-आउटचा फॉर्म आणि आपली रविवारची शाळा

प्रेषक: नाना (रॉकव्हिल)

मंडळी, नमस्कार.

ऑप्ट-आउटच्या फॉर्मबद्दल, म्हणजे शाळेतल्या एखाद्या धड्यापुरतं आपलं मूल वर्गाबाहेर ठेवायला मागण्याच्या अर्जाबद्दल, काल मंडळाच्या या मेल-यादीवर कोणीतरी साधा प्रश्न विचारला आणि रात्रीपर्यंत “हे उजव्या लोकांचं खूळ, आपण लांब राहावं” अशा मेलांची रांग लागली. मी त्या उजव्या लोकांपैकीच एक, तेव्हा माझंही ऐका.

महमूद विरुद्ध टेलर हा खटला मेरीलँडमधल्या आपल्याच माँटगोमेरी काउंटीचा. समलिंगी आणि ट्रान्सजेंडर पात्रं असलेली गोष्टींची पुस्तकं २०२२-२३ मध्ये प्राथमिक वर्गांत आली. सुरुवातीला शाळा आईबापांना आधी कळवत, तेवढ्यापुरतं मूल वर्गाबाहेर ठेवायची मुभा होती. मार्च २०२३ मध्ये काउंटीच्या शाळा-बोर्डाने ती काढून घेतली. कोर्टात गेले ते मुसलमान, कॅथलिक आणि युक्रेनियन ऑर्थोडॉक्स आईबाप. पुस्तकं हटवा असं त्यांनी मागितलंच नव्हतं, हे कालच्या एकाही मेलात नाही. २७ जून २०२५ ला सुप्रीम कोर्टाने ६ विरुद्ध ३ मतांनी त्यांच्या बाजूने कौल दिला: खटल्याचा शेवटचा निकाल लागेपर्यंत आईबापांना आधी कळवा आणि मूल बाहेर ठेवू द्या. निकालपत्र न्या. अलिटो यांचं.

आता आपल्या रविवारच्या मराठी शाळेचा यात काय संबंध? तर पहिल्या महायुद्धानंतर जर्मनांविरुद्ध वातावरण तापलेलं असताना नेब्रास्काने १९१९ मध्ये कायदा केला, की आठवी पास होईपर्यंत मुलाला इंग्रजीखेरीज दुसरी चालती-बोलती भाषा शिकवायची नाही. खासगी शाळेतसुद्धा नाही. रॉबर्ट मायर नावाच्या मास्तरांनी चर्चच्या शाळेत दहा वर्षांच्या मुलाकडून जर्मनमध्ये बायबलची गोष्ट वाचून घेतली आणि त्यांना २५ डॉलर दंड झाला. कोणी म्हणेल, शाळेच्या तासांबाहेर बंदी नव्हती. नव्हतीच, म्हणून तर ते मधल्या सुट्टीत शिकवत होते! १९२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो दंड रद्द केला. दोन वर्षांनी ओरेगनचा कायदा पाडला. सगळ्या मुलांनी सरकारी शाळेतच गेलं पाहिजे असा तो कायदा होता आणि त्याच्या पाठीशी कू क्लक्स क्लॅन होती. मूल हे केवळ राज्याची निर्मिती नव्हे, हे वाक्य त्या निकालातलं. दोन्ही निकाल लिहिणारे न्या. मॅकरेनॉल्ड्स पक्के सनातनी, आणि माणूस म्हणून इतके कडवट की ज्यू सहकाऱ्याशी धड बोलत नसत. तरी त्यांच्या निकालाच्या सावलीत आपली पोरं बाराखडी गिरवतात.

– नाना

प्रेषक: शाळेच्या ताई

नाना, मी रोज पब्लिक स्कूलमध्ये शिकवते, म्हणून थोडं जमिनीवरचं. वर्गात गोष्ट सुरू झाली की कोणाला उठवायचं, कुठे बसवायचं, त्याच्याजवळ कोण थांबणार? बोर्डाने मुभा काढली त्याचं एक कारण हेच होतं, की बाहेर बसणाऱ्यांचा हिशोब ठेवणं जमेना. दोन आया असलेल्या मुलीची गोष्ट निघाली की पाच जण उठून जातात, आणि तशाच घरातली मुलगी तिथेच बसलेली असते. तिला काय वाटत असेल? महमूद निकालातलं न्या. सोटोमायोर यांचं विरोधी मत जरूर वाचा.

आणि टेक्सास? तिथे २०२५ च्या कायद्याने प्रत्येक सरकारी वर्गात १६ बाय २० इंचांच्या दहा आज्ञा लावायच्या आहेत. पहिलीच आज्ञा, माझ्याखेरीज दुसरा देव नको. पुढे मूर्तीही नको. घरी गणपती बसवणाऱ्या मुलाने बारा वर्षं ते वाचायचं. कोर्टात गेलेल्यांत हिंदू कुटुंबही आहे. तिथे तुमचे लोक म्हणतात, नुसतं भिंतीवर लावलंय, त्याने काय होतं? इथे मात्र नुसती गोष्ट ऐकली की धर्म बुडतो.

प्रेषक: चिटणीस

आपलं मराठी मंडळ करमुक्त संस्था आहे. उमेदवारांचा प्रचार इथे नको, कायद्यावर बोलायला हरकत नाही. भाषा मात्र अशीच राहू द्या.

प्रेषक: नाना

ताई, टेक्साससारखाच केंटकीचा कायदा सुप्रीम कोर्टाने १९८० मध्येच पाडला होता आणि तो निकाल मला मान्य आहे. ज्या तत्त्वावर इथला बाप पोराला बाहेर काढतो, त्याच तत्त्वावर टेक्सासच्या बापाला ती पाटी नको म्हणता आली पाहिजे. मूल तेच आणि वर्गही सरकारीच. पाटी लावणारे माझ्या पक्षाचे असले म्हणून मी मान डोलावणार नाही.

पण उजवे म्हणजे एकच घर नव्हे. २००० सालच्या एका खटल्यात न्या. स्कॅलिया म्हणाले होते, की आईबापांचा हक्क आहेच, पण तो घटनेत लिहिलेला नाही, म्हणून न्यायाधीशांनी त्याच्या जोरावर कायदे पाडू नयेत. विधिमंडळात जाऊन पटवा. मला ते पटतं. महमूद खटला धर्मस्वातंत्र्यावर उभा होता आणि ते पहिल्या घटनादुरुस्तीत पांढऱ्यावर काळं लिहिलेलं आहे. त्यातून एक गोची होते. देवधर्म न मानणारा आपला एखादा मराठी बाप “पोर लहान आहे, आत्ता नको” म्हणाला, तर या निकालाचा त्याला काहीच उपयोग नाही. लैंगिक शिक्षणाच्या धड्यांतून मूल वगळायची सोय मेरीलँडच्या नियमांत आधीपासून आहे, तिथे धर्म कोणी विचारत नाही. गोष्टीच्या तासालाही तसंच असावं, एवढंच माझं म्हणणं.

पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय महाराष्ट्राने २९ जून २०२५ ला मागे घेतला, महमूद निकालानंतर दोनच दिवसांनी. “आमच्या मुलांनी काय शिकायचं ते सरकार कोण ठरवणार?” असे मेल तेव्हा याच यादीवर पडत होते, आणि पाठवणारे बरेचसे कालचेच.

वर्गातल्या त्या मुलीबद्दल तुम्ही जे लिहिलंत त्याला माझ्याकडे उत्तर नाही. मूल उठवण्याऐवजी तो तास आधी जाहीर करून दिवसाच्या शेवटी ठेवता येईल का, हे तुम्हीच सांगू शकाल. ॲनापोलिसला मेरीलँडच्या विधिमंडळाचं नव्वद दिवसांचं अधिवेशन जानेवारीत सुरू होतं. विधेयकाच्या सुनावणीला नाव नोंदवून कोणालाही बोलता येतं. मी जाणार आहे, गाडीत तीन जागा आहेत. तुम्ही माझ्याविरुद्ध बोलणार असाल तरी चला.

– नाना