मदत हवी आहे : भूमध्य समुद्रातील यॉट-क्रू प्रशिक्षण सलग पूर्ण घ्यावे की आवश्यक तेवढेच?

नमस्कार.

मी मूळचा मुरूडजवळचा असून माझे वय २७ आहे. गेली पाच वर्षे मी मुंबई बंदरातील एका खासगी मालकीच्या ३८ फुटी शिडाच्या यॉटवर खलाशी म्हणून काम करतो. ऑक्टोबर ते मे बोट पाण्यात असते. पावसाळ्यात ती वर काढली की तळ खरवडणे, रंग देणे आणि दोर बदलणे हीच कामे उरतात. भूमध्य समुद्रातील मोठ्या यॉटवर डेकहँड (डेकवरचा खलाशी) म्हणून रुजू व्हावे आणि तीन-चार वर्षांत स्किपरच्या, म्हणजे बोटीच्या कप्तानाच्या, जागेपर्यंत पोहोचावे, अशी माझी इच्छा आहे. त्याच्या तयारीबाबत जाणकारांचा सल्ला हवा आहे.

स्पेनमधील पाल्मा दे मायोर्का येथील एका प्रशिक्षण संस्थेने मला चौदा आठवड्यांचा सलग अभ्यासक्रम सुचवला आहे. एसटीसीडब्ल्यू या खलाशांच्या प्रशिक्षणाबाबतच्या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणेचे मूलभूत सुरक्षा प्रशिक्षण, पॉवरबोट, व्हीएचएफ रेडिओ, मैल भरून काढण्यासाठीचा प्रवास आणि शेवटी आरवायए या ब्रिटिश यॉटिंग संस्थेची यॉटमास्टर ऑफशोअर ही स्किपरची परीक्षा असा त्याचा क्रम आहे. राहण्याजेवण्यासह हा खर्च दहा लाखांच्या वर जातो आणि माझी बचत त्याच्या जेमतेम निम्मी आहे. उरलेल्या रकमेसाठी वडील होडी गहाण ठेवण्यास तयार आहेत, परंतु ती वेळ त्यांच्यावर येऊ नये असे मला वाटते.

या परीक्षेसाठी २,५०० सागरी मैल आणि समुद्रावरील ५० दिवस लागतात; शिवाय ६० मैलांहून लांबचे पाच प्रवास लागतात, ज्यांपैकी दोन रात्र धरून केलेले आणि दोन स्वतः स्किपर म्हणून केलेले असले पाहिजेत. निम्मे मैल भरती-ओहोटीच्या पाण्यातले हवेत, ही अट वाचून मला हायसे वाटले, कारण भूमध्य समुद्राला भरती नावापुरतीच असते आणि आपल्याकडे मुंबई बंदरात उधाणाला पाण्याच्या पातळीत चार मीटरच्या आसपास फरक पडतो. मुंबई ते गोवा हा प्रवास मी जयगडला थांबा घेत सहा वेळा केला आहे. दाभोळच्या बाहेर रात्री नाळेवर बसून बॅटरीच्या झोतात जाळ्यांचे बिनदिव्याचे बोये शोधायचे आणि मागे सुकाणूवर असलेल्या माणसाला हाताने ‘डावीकडे’, ‘उजवीकडे’ असे दाखवत राहायचे, हे काम मी इतक्या वेळा केले आहे की ते अनुभवात धरले जाईल का, हाच माझा पहिला प्रश्न आहे.

दुसरी अडचण माझ्याच निष्काळजीपणाची आहे. पहिले दोन हंगाम मी लॉगबुक ठेवलेच नाही. तिसऱ्या हंगामापासूनच्या नोंदींवर मालकांची सही आहे आणि त्यांची बेरीज १,६४० मैल होते. आधीचे मैल धरले तर आकडा २,५०० च्या पुढे जाईल, पण आता ते मागाहून लिहिणे योग्य ठरेल का? तसेच सर्व प्रवासांत स्किपर म्हणून मालकांचेच नाव आहे; माझे कोठेही नाही.

तिसरा प्रश्न व्हिसाचा आहे. शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवस राहता येते आणि चौदा आठवडे म्हणजे ९८ दिवस होतात. संस्थेला हे विचारले असता ‘पाहू’ एवढेच उत्तर आले. शिवाय बेलापूरच्या एका एजंटाने दोन लाख रुपये भरल्यास फ्रान्समधील आंतीब येथे नोकरीची हमी देऊ असे सांगितले आहे. त्यावर विश्वास ठेवावा काय?

प्रतिसाद

तुमचा प्रश्न वाचला. मी स्वतः रत्नागिरीकडचा असून सहा वर्षांपासून पाल्मा आणि आंतीब या बंदरांतून काम करतो. एजंटापासून सुरुवात करतो, कारण तिथे उशीर महागात पडतो. सागरी कामगारांबाबतच्या २००६ च्या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून शुल्क घेता येत नाही. वैद्यकीय दाखला, पासपोर्ट आणि सीडीसी (खलाशाची सरकारी नोंदपुस्तिका) यांचा खर्च तेवढा खलाशाचा. भारतात अशा एजंटाकडे नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल, म्हणजे खलाशांची भरती करण्याचा, परवाना असावा लागतो. त्याचा क्रमांक मागा, पुढचे संभाषण आपोआप आटोपेल.

पैसे कोठेही भरण्यापूर्वी ईएनजी-१ ही खलाशांसाठीची ब्रिटिश वैद्यकीय तपासणी करून घ्या. रंग ओळखण्याच्या चाचणीत दोष निघाला तर रात्रीच्या टेहळणीवर निर्बंध येतो आणि डेकवरची वाट तिथेच अडते. माझ्या ओळखीच्या एका मुलाला हे सर्व अभ्यासक्रम संपल्यावर कळले.

तुमच्या मैलांबद्दल मी निश्चिंत आहे. कोकण किनाऱ्याचे पाणी भरती-ओहोटीचेच आहे, आणि मुंबई ते जयगड व जयगड ते पणजी हे दोन्ही टप्पे बंदर ते बंदर ६० मैलांहून मोठे असल्यामुळे वेगवेगळे प्रवास म्हणून धरता येतात. पहिल्या दोन हंगामांचे मैल मालकांच्या बोटीच्या लॉगमध्ये असतील तर त्यातून तारखेनिशी उतरवून घ्या आणि सही घ्या. आठवणीतून मात्र एकही ओळ लिहू नका. एकट्या उमेदवाराची परीक्षा आठ ते बारा तास चालते. खोटे मैल पहिल्या तासातच उघडे पडतात, कारण शिडावर बोट चालवत पाण्यात पडलेला माणूस उचलायला सांगितले की हातच बोलतात.

तुमच्याकडे खरी उणीव आहे ती स्किपर म्हणून केलेल्या दोन प्रवासांची आणि स्किपर म्हणूनच लागणाऱ्या एकूण पाच दिवसांची. पाल्मामध्ये ती विकत घेण्यापेक्षा मालकांना विनंती करा. ते बोटीवर असतील, पण मार्ग आखणे, हवामान पाहणे, पहारे लावणे आणि निर्णय घेणे तुमच्याकडे, हे आधीच ठरवून लॉगमध्ये तसे लिहा. ऑक्टोबर ते जानेवारी या काळात जमिनीकडून वाहणाऱ्या मतलई वाऱ्यावर पहाटे निघालात तर जयगडचे दोन प्रवास सहज होतील. एसटीसीडब्ल्यूचे मूलभूत प्रशिक्षण मुंबईत किंवा गोव्यात मान्यताप्राप्त संस्थेत घ्या. मात्र त्याआधी तुमच्या परीक्षेच्या संस्थेकडून ते स्वीकारले जाईल असे लेखी मागून घ्या. प्रमाणपत्रावर पगारी काम करता यावे म्हणून जो व्यावसायिक शिक्का लागतो, त्यासाठीचा पीपीआर (व्यावसायिक जबाबदाऱ्यांचा) हा अभ्यासक्रम ऑनलाइन होतो.

मग भूमध्य समुद्रात शिकण्यासारखे काय उरते, तर बोट मागून धक्क्याला लावणे. आपल्याकडे बोट बोयाला बांधतात. इथे भरती नसल्यामुळे धक्के स्थिर असतात आणि यॉट दाटीने, पाठ धक्क्याकडे करून उभ्या राहतात. पुढे नांगर सोडायचा, मागे सरकत जायचे, आणि मागच्या टोकाला उभ्या असलेल्या डेकहँडने फेंडर (धक्का झेलणारी फुगीर गादी) हातात धरून स्किपरला अंतर सांगत राहायचे : पाच मीटर, तीन, दोन, दीड. शेजारी कोट्यवधींची बोट हातभर अंतरावर असते आणि आवाज चढवायचा नसतो. हे तीन-चार आठवडे इथे राहून शिका, परीक्षा द्या, आणि हे सारे फेब्रुवारी-मार्चमध्ये उरका, कारण उन्हाळी हंगामाची भरती मार्च ते मेमध्ये होते. असे केल्यास ९० दिवसांचा प्रश्नही उरत नाही. पर्यटक व्हिसावर धक्क्यावर फिरून रोजंदारी मात्र करू नका. ते काम बेकायदेशीर ठरते.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो : डेकहँडच्या पहिल्या नोकरीसाठी यॉटमास्टर लागतच नाही. एसटीसीडब्ल्यू, ईएनजी-१ आणि पॉवरबोट एवढ्यावर माणसे घेतात. होडी गहाण ठेवू नका.

धागाकर्त्याचे उत्तर

मनापासून आभार. काल मालकांना भेटलो. त्यांच्याकडे बोटीचा लॉग पहिल्या हंगामापासून आहे. दुसऱ्या हंगामाची वही पावसाच्या पाण्याने खराब झाली आहे, त्यामुळे तेवढे मैल मी सोडून देत आहे. स्किपर म्हणून मला नेण्यास त्यांनी होकार दिला, मात्र जयगडच्या खाडीत शिरताना सुकाणू त्यांच्या हाती राहील अशी अट घातली. एवढ्याने तो प्रवास माझ्या नावावर धरला जाईल काय, हे कृपया सांगावे. एजंटाकडे परवाना क्रमांक मागितला होता. त्यानंतर त्याने फोन उचललेला नाही.