भाकीत, भविष्य, पूर्वज्ञान: ख्रिस्ती वापरात फरक नेमका काय?

प्रश्न:
नमस्कार मंडळी. नाताळ जवळ आला की आमच्या चर्चमध्ये उपदेशात भाकीत, भविष्य, संदेश, पूर्वज्ञान हे शब्द सारखे येतात आणि बऱ्याचदा एकाच अर्थाने येतात. माझी एक मैत्रीण आहे, ख्रिस्ती नाही, ती म्हणाली की देवाला सगळं आधीच माहीत असेल तर ते सटवाईने कपाळावर लिहून ठेवल्यासारखंच झालं ना, मग तुम्ही प्रार्थना कशाला करता? प्रश्न अगदी मनापासून होता. तर या शब्दांत फरक आहे का आणि असला तर तो मराठीत कसा सांगायचा?

प्रतिसाद १:
ताई, फरक आहे आणि बराच आहे. रोजच्या मराठीत भाकीत म्हटलं की डोळ्यासमोर येतं ते बुलढाण्यातल्या भेंडवळची घटमांडणी, अक्षय्य तृतीयेला मांडतात आणि दुसऱ्या दिवशी पाऊसपाणी, पिकं याबद्दल सांगतात, किंवा पट्टणकोडोलीच्या यात्रेतली भाकणूक. म्हणजे पुढे काय होणार ते आज सांगायचं आणि मग खरं ठरतं का बघत बसायचं. बायबलमधल्या संदेष्ट्याचं काम एवढंच नाही. हिंदीत त्याला भविष्यद्वक्ता म्हणतात, आपल्या मराठी बायबलात संदेष्टा आहे आणि मला तो शब्द जास्त बरोबर वाटतो, कारण हिब्रू नाबी म्हणजे मुळात देवाच्या वतीने बोलणारा. आमोस या संदेष्ट्याचं पुस्तक वाचून बघा, त्यात खोट्या तराजूने गरिबांना लुबाडणाऱ्या व्यापाऱ्यांना झापलंय, ते भविष्य नाही, पण संदेश शंभर टक्के आहे. आणि योना हा दुसरा संदेष्टा! चाळीस दिवसांत निनवे शहराचा नाश होणार म्हणून त्याने सांगितलं, लोकांनी पश्चात्ताप केला, नाश टळला. नुसतं भाकीत म्हणून बघितलं तर ते चुकलं म्हणावं लागेल, पण संदेश म्हणून ज्यासाठी पाठवला होता ते काम झालं.

प्रतिसाद २:
मैत्रिणीच्या प्रश्नाचं उत्तर पूर्वज्ञान या शब्दात आहे असं मला वाटतं. येशूचा शिष्य पेत्र, त्याच्या बायबलमधल्या पहिल्या पत्राच्या सुरुवातीलाच तो येतो, प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात 2:23 मध्येही आहे, मूळ ग्रीक प्रोग्नोसिस. मराठीत ज्ञान म्हटलं की माहिती डोक्यात येते, देवाकडे एक मोठी यादी आहे आणि त्यात माझं नाव आहे, असं काहीतरी. पण हिब्रूत जाणणे हे क्रियापद नात्याचं सुद्धा आहे. यिर्मया या संदेष्ट्याला देव त्याच्या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात सांगतो की तुला गर्भात घडवण्याआधीच मी तुला ओळखत होतो. बघा, ओळखत होतो. मराठीत माहीत असणं आणि ओळखणं हे दोन वेगळे शब्द आपल्याला फुकटात मिळालेत, ते वापरा ना! सटवाईच्या लेखात लिहिणारी तुम्हाला ओळखत नाही, लिहिते आणि जाते. इथे ओळखणारा सोबत राहतो.

पेत्राचं उदाहरण द्या तिला. कोंबडा आरवण्याआधी तू मला तीनदा नाकारशील असं येशूने सांगितलं, पण त्याच वेळी तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केली आहे हेही सांगितलं (लूक 22). नाकारलं ते पेत्राने स्वतःच्या तोंडाने, भीतीने, कोणी ढकललं नव्हतं. ज्याला आधीच माहीत होतं तोच त्याच्यासाठी प्रार्थना करत होता. नशिबात असं कुठे असतं?

प्रश्नकर्ती:
ओळखणं हे फार आवडलं. पण मग यिर्मया 29:11 चं काय, ती ओळ तर सगळ्यांच्या स्टेटसला असते, तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत वगैरे. त्याला भाकीत म्हणायचं का वचन, म्हणजे दिलेला शब्द?

प्रतिसाद ३:
वचन, आणि प्लीज 11 च्या आधीचं 10 वाचल्याशिवाय ते कोणाला पाठवू नका. हे एक पत्र आहे, इ.स.पू. 597 मध्ये यहूदाचा राजा यखन्या याच्याबरोबर बाबेलला (बॅबिलोनला) कैद करून नेलेल्या लोकांना यिर्मयाने यरुशलेमहून लिहिलेलं. त्याच्या आदल्या अध्यायात हनन्या नावाचा माणूस मंदिरात सगळ्यांसमोर सांगतो की दोन वर्षांत सगळे परत येणार, आणि बाबेलच्या ताबेदारीची खूण म्हणून यिर्मयाने मानेवर घेतलेलं जू काढून मोडून टाकतो. यिर्मयाचं उत्तर बघा, आमेन, परमेश्वर तसंच करो! त्यालाही ते हवंच होतं. पण देवाने सांगितलं होतं की परतायला सत्तर वर्षं लागतील, 10 मध्ये तेच आहे, म्हणून पत्रात तो लिहितो की घरं बांधा, मळे लावा, पोरांची लग्नं करा, ज्या नगरात आहात त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. म्हणजे पत्र ऐकणाऱ्या कितीतरी मोठ्या माणसांना ते परतणं बघायलाच मिळणार नव्हतं आणि तरी त्यांना सांगितलं जातंय की संकल्प हिताचा आहे. मला विचाराल तर भरवसा या शब्दाचा अर्थ इथे आहे, लवकर सुटका होईल या खात्रीत नाही, ती खात्री हनन्या देत होता.

इ.स.पू. 539 मध्ये बाबेल पर्शियाचा राजा कोरेश याच्या हाती पडलं आणि त्याने यहुद्यांना परत जाऊ दिलं. एज्राच्या पुस्तकाचं पहिलंच वाक्य सांगतं की यिर्मयाच्या तोंडचं वचन पूर्ण व्हावं म्हणून हे झालं. सत्तर कसे मोजायचे यावर मतं आहेत, मंदिर 586 ला पाडलं आणि 516 च्या सुमारास पुन्हा उभं राहिलं, काहीजण तिथून मोजतात.

प्रतिसाद ४:
वरच्याला जोडून. आपल्या मराठीत भाक म्हणजे दिलेला शब्द, भाक देणे, भाक पाळणे. भाकीत आपण वर बघितलं. आणि करुणा भाकणे म्हणजे कळवळून विनवणं. आता दानीएलच्या पुस्तकाचा अध्याय 9 उघडा. बाबेलला नेलेल्यांपैकीच एक असलेला दानीएल यिर्मयाचं पुस्तक वाचतो, त्याला कळतं की सत्तर वर्षं भरत आलीत. मग तो काय करतो, हात जोडून स्वस्थ बसतो? नाही, उपास करतो, गोणपाट नेसतो, राखेत बसतो आणि लोकांसाठी करुणा भाकतो! भाक मिळाली आहे म्हणूनच तो भाकतोय. मैत्रिणीने विचारलं ना प्रार्थना कशाला, तिला हा अध्याय वाचायला द्या, माझ्या मते यापेक्षा चांगलं उत्तर नाही.

प्रतिसाद ५:
एक राहिलं, क्रियापद. आपण भविष्य खरं ठरलं म्हणतो, पण शुभवर्तमानात, म्हणजे येशूच्या जीवनाच्या पुस्तकांत, सगळीकडे पूर्ण झालं असं आहे, ग्रीकमध्ये भरणे या अर्थाचं क्रियापद. मीखा संदेष्ट्याने बेथलेहेमचं नाव घेतलं, येशू तिथे जन्मला, तिथे दोन्ही चालेल. पण मत्तयाच्या शुभवर्तमानात 2:15 बघा, मी आपल्या पुत्राला मिसरातून (इजिप्तमधून) बोलावलं, हे होशेय संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या 11:1 मधलं आहे आणि होशेय तिथे होऊन गेलेली गोष्ट सांगतोय, इस्राएल मिसरातून निघाले ती. पुढचं काही सांगतच नाहीये. मत्तयाला दिसतंय की जे इस्राएलात अर्धवट राहिलं ते या बाळात भरून आलं. तिथे खरं ठरलं हा शब्द बसतच नाही, पूर्ण झालं हाच पाहिजे.