विमान आवाजाच्या पुढे गेलं की मग आवाजाचं काय होतं?

शंकासूर
पुतणीने एक प्रश्न टाकला आणि मी गारद. विमान आवाजापेक्षा वेगाने जायला लागलं की 'धडाम' होतं, इथवर मला माहीत होतं. तिचं म्हणणं, समजा त्यानंतर ते तासभर त्याच वेगाने उडत राहिलं, तर तो तासभर ते मुकं असतं का? आणि आत बसलेल्या वैमानिकाला धडाका ऐकू येतो का? जाणकारांनी कृपया सांगा. सूत्रं नकोत, ती पुन्हा मलाच समजावून सांगावी लागतील.

आडवाटे
सोपं आहे. ध्वनीची भिंत फुटते तेव्हा धडाका होतो, एकदाच. पलीकडे गेलं की शांतता. विमानाला पांढऱ्या ढगाचा घागरा नेसवल्यासारखे फोटो फिरतात ना, ते बरोबर त्या क्षणाचे असतात.

बोगदेकर
आडवाटे, राग मानू नका, पण यातलं एकही वाक्य टिकत नाही. दोष तुमचा नाही, 'भिंत' म्हटलं की ती एकदाच फुटणार असं कोणालाही वाटतं.

माझी नोकरी सुपरसॉनिक, म्हणजे ध्वनीपेक्षा जोरात हवा सोडणाऱ्या, विंड टनेलवर झाली. तिथे विमान उडत नाही. वीतभर लांबीचं पोलादी मॉडेल दांड्यावर पक्कं बसवायचं आणि टाकीत दाबून भरलेली हवा त्याच्यावरून सोडायची. झडप उघडली की कानावर मफ असूनही छातीत हादरा बसतो, आणि सगळा खेळ काही सेकंदांत आटोपतो. तेवढ्या वेळात श्लीरेनच्या पडद्यावरून नजर हलवायची नाही. श्लीरेन म्हणजे हवेच्या घनतेतला फरक उजेड-सावलीत दाखवणारी आरशांची मांडणी. आधी पडद्यावर नुसती थरथर असते. मग प्रवाह बसतो आणि मॉडेलच्या नाकापासून मागे तिरक्या गेलेल्या दोन रेघा उमटतात, पट्टीने ओढाव्यात तशा. आमच्या मांडणीत वरची काळी दिसायची, खालची उजळ. शेपटीपाशी आणखी दोन. या रेघा म्हणजे शॉक वेव्ह. हवा वाहतेय तोवर त्या जागच्या हलत नाहीत. झडप मिटली की गेल्या.

म्हणजे शॉक वेव्ह ही एका क्षणाची घटना नव्हेच. वेग ध्वनीपेक्षा जास्त आहे तोवर ती विमानाला चिकटलेली असते. विमान हवेला ढकलतं त्याची वर्दी पुढच्या हवेला ध्वनीच्याच वेगाने मिळते. विमान त्याहून जोरात निघालं की वर्दी पोचायच्या आधी ते स्वतःच हजर. मागे पडलेल्या या साऱ्या लहरी एका शंकूच्या पृष्ठावर साचतात. मॅक २ ला, म्हणजे ध्वनीच्या दुप्पट वेगाला, शंकूची बाजू विमानाच्या मार्गाशी ३० अंशांचा कोन करते. वेग वाढला की शंकू आणखी निमुळता.

हा शंकू विमानामागून जमिनीवरून फरफटत जातो आणि तुमच्या कानावरून सरकला की तुम्हाला धडाका. पुढच्या गावाला थोड्या वेळाने, त्याच्या पुढच्याला आणखी थोड्या वेळाने. तासभर उडालं तर मार्गाखालच्या प्रत्येकाला एकेकदा. रुंदीही थोडी नाही, ५०,००० फुटांवरून गेलेल्या विमानाचा पट्टा साधारण ८० किलोमीटर भरतो.

मुकं म्हणाल तर फक्त पुढच्या बाजूने. विमान १२ किलोमीटर उंचीवरून मॅक २ ने डोक्यावरून जाताना खाली चिटपाखरूही ऐकू येत नाही. धडाका येतो तेव्हा ते वीसेक किलोमीटर पुढे निघून गेलेलं असतं, आणि इंजिनाची घरघर त्यानंतर.

वैमानिकाला धडाका ऐकू येत नाही, शंकू त्याच्यावरून सरकतच नाही. १४ ऑक्टोबर १९४७ ला अमेरिकी वैमानिक चक येगर एक्स-१ या रॉकेट विमानातून मॅक १.०६ ला पोचले तेव्हा त्यांना ते कळलं मॅकमीटरच्या काट्यावरून. गडगडाट ऐकला तो खालच्या लोकांनी. कॉन्कॉर्ड या सुपरसॉनिक प्रवासी विमानात प्रवाशांसाठी भिंतीवर मॅकचा आकडा दाखवत, नाहीतर त्यांना पत्ताही लागला नसता. आतली हवा विमानाबरोबरच जाते, त्यामुळे गप्पागोष्टी नेहमीसारख्या.

ढगाबद्दल: विमानाभोवती काही ठिकाणी दाब घसरतो, हवा गार होते आणि बाष्प दिसू लागतं. दमट हवेत हे मॅक १ च्या अलीकडेही होतं. कोरड्या हवेत मॅक २ लाही होत नाही.

आडवाटे
घागरा परत घेतला. :)

मुक्तछंदी
फार छान. दोन शंका. धडाके दोन असतात असं वाचलंय, ते का? आणि असं विमान गाणं वाजवत आलं तर खाली काय ऐकू येईल?

बोगदेकर
एक नाकाचा, एक शेपटीचा. मधल्या लहान लहान शॉक वेव्ह जमिनीपर्यंत येता येता या दोघींत मिसळून जातात. लढाऊ विमान आखूड, त्यामुळे दोन्ही धडाके बहुधा एकच वाटतात. स्पेस शटल उतरताना मात्र दोन स्पष्ट ऐकू यायचे, मध्ये साधारण अर्ध्या सेकंदाचं अंतर. कॉन्कॉर्डच्या धडाक्याने दाब वाढायचा तो जेमतेम १०० पास्कल, वातावरणाच्या दाबाचा हजारावा भाग. पण ही वाढ काही मिलिसेकंदांत होते म्हणून माणूस दचकतो. आसूडाचा कडाडाही याच जातीचा, त्याचं टोक ध्वनीपेक्षा जोरात जातं.

गाण्याचं उत्तर मला फार आवडतं. ते ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी विमानं यायच्या आधी, १९व्या शतकातच देऊन ठेवलंय. वाजवणारा ध्वनीच्या दुप्पट वेगाने थेट तुमच्याकडे येत असेल तर गाणं बरोबर लयीत आणि बरोबर सुरांत ऐकू येईल, पण उलटं! एक सेकंद उशिरा वाजलेला सूर इतक्या जवळून निघतो की त्याचा प्रवास दोन सेकंदांनी वाचतो. म्हणजे तो आधीच्या सुरापेक्षा एक सेकंद अगोदर पोचतो. समेवरून मागे मागे मुखड्यापर्यंत. विमान पुढे निघून गेल्यावरचं गाणं मात्र सुलटं येतं, आणि दोन्ही एकाच वेळी कानावर. मैफल जमणार नाही.

शंकासूर
पुतणी खूश. तिचा पुढचा प्रश्न: मग धडाका न करता जाता येत नाही का?

बोगदेकर
त्यावरच सगळं अडलेलं आहे. १९६४ मध्ये ओक्लाहोमा सिटीवरून जवळजवळ सहा महिने रोज मुद्दाम असे धडाके केले गेले. खिडक्या फुटल्याच्या तक्रारींचा ढीग पडला आणि शेवटी सुमारे पाव लोक म्हणाले की याच्याबरोबर राहणं जमणार नाही. १९७३ मध्ये अमेरिकेने जमिनीवरून नागरी सुपरसॉनिक उड्डाणांना बंदी घातली. कॉन्कॉर्ड तेवढा वेग बहुतेक समुद्रावरच काढायचं.

आता दोन वाटा आहेत. नासाचं एक्स-५९ आकार बदलून बघतंय. जवळपास ३० मीटरचं विमान, त्यातलं एक तृतीयांश नुसतं नाक, आणि इंजिन पाठीवर. शॉक वेव्ह एकमेकींत मिसळू द्यायच्या नाहीत, म्हणजे खाली धडाक्याऐवजी हलका ठोका यावा.

दुसरी वाट हवेच्या तापमानाची. ध्वनीचा वेग जमिनीलगत सेकंदाला सुमारे ३४० मीटर, ११ किलोमीटर उंचीवरच्या थंडीत २९५. खाली येणारी शॉक वेव्ह उबदार हवेत शिरते तशी वर वळत जाते. विमान ध्वनीपेक्षा थोडंच जोरात असेल तर ती जमिनीला न टेकता परत वर जाते. मात्र ही सवलत साधारण मॅक १.१५ पर्यंतच, आणि मर्यादा नेमकी कुठे ते त्या दिवशीचं तापमान आणि वारा ठरवणार. मॅक २ ला ही युक्ती चालत नाही, तिथे आकाराशीच झगडावं लागतं.