दहावी भूमिती : घरी येतं, पण पेपरात वेळ पुरत नाही

दहावीची आई : मुलगी मराठी माध्यमात, स्टेट बोर्डाला आहे. बीजगणिताचं टेन्शन नाही. भूमितीच्या सराव पेपरात मात्र दोन तासांत चौथा-पाचवा प्रश्न अर्धवट राहतो. तीच गणितं घरी येतात. आणखी गणितं सोडवून घेऊ का?

भूमितीवाले सर : ताई, गणितं वाढवू नका. चाळीस मार्क, १२० मिनिटं, म्हणजे मार्काला तीन मिनिटं. पहिल्या प्रश्नाचे आठ मार्क १५ मिनिटांत उरकायला हवेत. खरा वेळ जातो निवडीत. दुसऱ्या प्रश्नात पाचातली चार, तिसऱ्यात चारातली दोन. मुलं समोर दिसेल ते सुरू करतात, मध्येच अडतात, काट मारतात आणि दुसरं घेतात. तिला आज जुना पेपर द्या आणि गणित न सोडवता फक्त कोणती घेणार त्यावर खुणा करायला सांगा. दहा मिनिटांच्या आत झालं पाहिजे. हा सराव कुणी करून घेत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. हुशार पोरांचे मार्क इथेच जातात.

रचना टाळू देऊ नका. समरूप त्रिकोणाची रचना असो की वर्तुळाची स्पर्शिका, मार्क हमखास मिळतात. आधी कच्ची आकृती, त्यावर मापं, मग पक्की. कंपासचा स्क्रू घट्ट आहे ना, ते आदल्या रात्री बघा. सैल असला की कंस सरकतो आणि सगळं खोडून पुन्हा काढावं लागतं.

यंदा अकरावीत : प्रमेयं लिहून काढायची, नुसती वाचायची नाहीत. पक्ष, साध्य, आकृती, सिद्धता, प्रत्येक पायरीपुढे कारण. पायथागोरस मी असंच पाठ केलं होतं, पेपरात हात थांबला नाही.

दहावीची आई : सर, रचना आधी सोडवली तर चालेल का? आणि शेवटची जादा दहा मिनिटं धरायची का?

भूमितीवाले सर : चालेल, प्रश्न आणि उपप्रश्नाचा क्रमांक ठळक लिहायचा. ती दहा मिनिटं हिशेबात धरू नका. बहुपर्यायी प्रश्नांची अक्षरं आणि महत्त्वमापनातली एककं तपासायला ठेवा. घनफळाला चौसेमी लिहिणारी मुलं दरवर्षी भेटतात.